छावणीत भूक दिसत नाही, फितूर मात्र लगेच सापडतो

आडाबाजारवासी, इंदूर

परवा संकलक यांनी इथे लिहिले की, "शाळेच्या पुस्तकांनी पन्नास वर्षांत जे केले नाही ते एका मालिकेने सहा महिन्यांत केले, पानिपत घराघरांत पोहोचवले, आता शेल्याचा रंग आणि तलवारीची मूठ यांवरून कुरकुर करणाऱ्यांनी गप्प बसावे." शेल्याच्या रंगाबद्दल मी अक्षरही काढणार नाही, पण गप्प बसणेही जमणार नाही.

रविवारी आम्ही तो भाग पाहत होतो. भाऊसाहेबांचा तंबू, समया, इस्त्री केलेले अंगरखे. माझी आई, वय ८४, मध्येच म्हणाली, "अरे, ही माणसे अडीच महिने कोंडलेली ना? मग यांच्या गालांवर एवढी तुकतुकी कुठली?" तिने इतिहास शिकलेला नाही, पण रेशनच्या मिलोच्या भाकरी थापून दोन पोरे वाढवली आहेत, त्यामुळे उपाशी माणसाचा चेहरा तिला ओळखता येतो.

ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून आला आणि मराठ्यांची दिल्लीकडची वाट तुटली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि त्यांच्यावर विसंबलेली रसद आटली. जानेवारीत दिल्लीहून खजिना घेऊन निघालेले स्वार रात्री वाट चुकले आणि थेट अफगाणांच्याच छावणीत शिरले. यातले एकही दृश्य मालिकेत नाही, आणि नाट्य हवे असेल तर याहून मोठे नाट्य मला तरी सुचत नाही. अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्या अयोध्येच्या नवाब शुजाच्या पदरी असलेल्या काशीराजाने लिहून ठेवले आहे की, शेवटच्या रात्री सरदार भाऊंकडे आले आणि म्हणाले, दोन दिवस पोटात अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. ही लढाई पोटाने सुरू केली. पडद्यावर ती एका पेटलेल्या संवादाने सुरू होते.

रसद गाळली की पराभवाला कारण उरत नाही, आणि कारण उरले नाही की फितूर शोधावा लागतो. मालिकेला तो मैदानातून निघून गेलेल्या इंदूरच्या मल्हारराव होळकरांत सापडला. माझ्या नातवाला वर्गातल्या मुलाने विचारले, "तुम्ही इंदूरवाले म्हणजे पळून आलेले ना?" तो दहा वर्षांचा आहे; आम्ही होळकरांचे कुणी नाही, केवळ राजवाड्यामागे राहतो.

संकलक, इंदूर (सध्या मुंबई)

काका, आपला राग समजला, पण आपण प्रेक्षक म्हणून लिहिता आहात आणि मला बावीस मिनिटांचा भाग रात्री अकरापर्यंत वाहिनीकडे पाठवायचा असतो. आमच्याकडे चाळीस घोडे असतात, त्यांचे चारशे संगणक करतो. रिकामी पोती दाखवली की लोक वाहिनी बदलतात, हे मी तर्काने सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेले आहे. दुसऱ्या एका मालिकेत बंजाऱ्यांच्या बैलांचा धान्याचा तांडा अडवल्याचे साडेतीन मिनिटांचे दृश्य होते, फार सुंदर चित्रित केलेले. ते मी माझ्या हाताने कापले. मुलाला प्रश्न पडला हेही त्या मालिकेचेच श्रेय माना. मालिका नसती तर त्याच्या वर्गातल्या कुणालाही मल्हारराव हे नावच ठाऊक नसते.

लष्करकर, ग्वाल्हेर

मालिका वाईट आहे हे मान्य, परंतु तिच्या आडून मल्हाररावांना धुऊन काढण्याचा जो उद्योग दर हिवाळ्यात इंदूरहून सुरू होतो, तो आम्हाला मान्य नाही. १७५७ मध्ये दिल्लीत अब्दालीचा साथीदार, रोहिल्यांचा सरदार नजीब हाती लागला होता. त्याला पोटात घालून सोडवला कोणी? १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, तेव्हा मल्हारराव कुठे होते? पुढे मार्चमध्ये सिकंदराबादेला स्वतः गाफील सापडून पळाले, तेही मालिकेने दाखवले नाही, म्हणजे उपकारच केले म्हणायचे. पानिपतात जनकोजी धरले गेले आणि मारले गेले, महादजींचा पाय कायमचा अधू झाला, आणि मल्हारराव धडधाकट परतले. शिंद्यांच्या घरातली माणसे मोजा आणि मग बोला.

आडाबाजारवासी, इंदूर

लष्करकर, नजीबाचे मी कबूल करतो. ती चूक होती आणि तिची किंमत सगळ्यांनी मोजली. पण जड तोफा आणि बायकामुले मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे, असे भरतपूरच्या जाट राजाने, सूरजमलाने सुचवले तेव्हा त्याला दुजोरा देणारे मल्हाररावच होते, आणि भाऊंनी ऐकले नाही. मैदानातून निघाले, हे खरे. कधी आणि का निघाले, हा प्रश्न आहे. 'सांगितल्याप्रमाणे करा' असा भाऊंचा निरोप त्यांना गेल्याची नोंद मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्यानेही केली आहे. सदुसष्ट वर्षांच्या माणसाने तिथे मरून दाखवले असते, तर आज आपण त्याचेही पोवाडे गायले असते, एवढाच फरक पडला असता. आणि घरातली माणसे मोजायचीच असतील, तर शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी १८०१ मध्ये इंदूर लुटले तेव्हाचीही मोजा. आमच्या गल्लीत ती गोष्ट अजून सांगतात.

लष्करकर, ग्वाल्हेर

मुद्दा १७६१ चा, उत्तर १८०१ चे! अंगाशी आले की चाळीस वर्षे पुढे उडी मारायची, यालाच आपण गनिमी कावा म्हणत असाल. त्याच वर्षी उज्जैनला आधी शिंद्यांची पलटणे कोणी कापली, तेवढेही सांगून टाका. आणि तो 'निरोप' होता असे मानले, तरी निरोप मिळताच इतक्या तत्परतेने पाळला गेलेला भाऊंचा तो एकमेव हुकूम असावा.

मांडवीकर, वडोदरा

मधेच बोलतो, क्षमा असावी. त्याच ग्रँट डफच्या सांगण्यानुसार होळकरांच्या मागोमाग दमाजी गायकवाडही निघाले. अडीचशे वर्षांत आम्हाला कोणी 'पळपुटे' म्हटलेले नाही, कारण मालिकांत दमाजी नसतातच. माझा मुलगा वर्गात सुखी आहे. काकांचे म्हणणे याहून चांगले सिद्ध होणार नाही: इतिहासात बदनामी कृतीने होत नाही, पात्रयोजनेने होते.

महूचा निवृत्त, महू

आपण सगळे अडीचशे वर्षांपूर्वीचे भांडता आहात. माझ्या हयातीतल्या युद्धांचेही तेच झाले आहे. मी पुरवठा विभागात सत्तावीस वर्षे काढली. आजवर एकाही युद्धपटात मी माझ्या कामाचा माणूस पाहिलेला नाही. डिझेल, पाण्याचे टँकर, टायर, मोजे, हे आपोआप उगवतात असे दिसते. १९७१ च्या डिसेंबरात राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाल्याला सव्वाशेच्या आसपास जवानांनी रात्रभर ठाणे धरले, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमाने आली. शत्रूचे रणगाडे मऊ वाळूत रुतले होते, म्हणजे त्यांनी जमिनीची पाहणी नीट केलेली नव्हती. ठाण्याचे प्रमुख मेजर चांदपुरींचे शौर्य याने तसूभरही कमी होत नाही, उलट असा थंड डोक्याचा अधिकारी मला अधिक मोठा वाटतो. पण पडद्याला थंड डोके चालत नाही. त्याला छाती लागते आणि आरडाओरडा लागतो.

नातू मला विचारतो, "आजोबा, तुम्ही किती मारले?" मी सांगतो, एकही नाही, मी सहाशे माणसांना दोन वेळचे गरम जेवण पोहोचवले, तेही बर्फात. तो उठून खेळायला जातो.

संकलक, इंदूर (सध्या मुंबई)

साहेब, आपल्या नातवाचा प्रसंग वाचून मी निरुत्तर झालो, हे मला अजिबात आवडलेले नाही. तरी एक विचारतो. ग्वाल्हेर आणि इंदूर यांचे वर जे चालले आहे, त्यात रसद कोणाला आठवली? काकांचा मूळ प्रश्न भुकेचा होता. पहिल्याच उत्तरात तो 'कोण पळाले' यावर आला आणि तिथेच राहिला. आपण सगळे शिकलेले, काशीराज आणि ग्रँट डफ तोंडपाठ असलेले लोक, आपल्यालाही शेवटी फितूरच बघायला आवडतो. मग मी तो विकला तर दोष एकट्या माझा कसा?

लष्करकर, ग्वाल्हेर

दुर्दैवाने हे बरोबर आहे. फक्त ते आपण म्हणावे, याचे वाईट वाटते.

आता रसदेचेच बोलायचे, तर माझ्या मते यात दाखवण्यासारखा माणूस राणेखान आहे. महादजी पाय तुटून पडलेले असताना त्यांना उचलून वाचवणारा तो भिश्ती. पखालीतून पाणी वाहणारा. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले आणि मोठेपणाला चढवले. त्या मैदानातून पाणी वाहणाऱ्याने वाचवलेला माणूस दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, पुन्हा दिल्लीत उभा होता. संकलक, याला घोडे लागत नाहीत, एक पखाल पुरते.

संकलक, इंदूर (सध्या मुंबई)

पखालीचे लिहून ठेवले आहे. निर्माता विचारेल, "याचा प्रेमप्रसंग कोणाशी आहे?" तेव्हा आपला क्रमांक देईन.

आडाबाजारवासी, इंदूर

संकलक, आपले म्हणणे मला लागले. माझ्या दुसऱ्या उत्तरात भूक हा शब्दच नाही, हे आत्ता पाहिले. तांड्याची ती साडेतीन मिनिटे आपल्याकडे कुठे साठवलेली असतील, तर पाठवा. आईला दाखवायची आहेत. मालिका तिने त्या दिवसापासून बंद केली आहे.

लष्करकर, मल्हाररावांची छत्री, म्हणजे समाधी, आलमपूरला आहे, भिंड जिल्ह्यात. आमच्यापेक्षा तुम्हाला कितीतरी जवळ. शिव्या समोर जाऊनच द्याव्यात.

लष्करकर, ग्वाल्हेर

जाईन. संक्रांतीला, म्हणजे युद्धाच्याच तिथीला जातो. याला माफी समजू नये.

मांडवीकर, वडोदरा

पुन्हा क्षमा असावी, पण लढाईच्या वेळी संक्रांत चौदा तारखेला नव्हती. ती सत्तर-बहात्तर वर्षांत एकेक दिवस पुढे सरकत आली आहे, त्यामुळे त्या साली ती काही दिवस आधीच होऊन गेलेली होती. त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती आणि वार बुधवार. पतंग आणि तिळगूळ हेही मालिकेनेच घातलेले आहेत.