नोकरी सोडावी का? ख्रिस्ती दृष्टीने मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न (ऐरोली): महापे येथील एका गोदामात मी हिशेब पाहते. उशिरा आलेल्या मालाच्या पावतीवर मागची तारीख टाकून सही करण्यास मला वारंवार सांगितले जाते. घराचे हप्ते चालू आहेत. राजीनामा देणे हा देवावरील विश्वास ठरेल की उतावळेपणा?

उत्तर (ठाणे): ताई, कामाचा कंटाळा आणि खोटेपणाची सक्ती या गोष्टी आधी वेगळ्या करा. नुसता कंटाळा असता तर बायबलमधील कलस्सैकरांस पत्र ३:२३ प्रमाणे प्रभूसाठी म्हणून जिवेभावे काम करत राहा, असेच मी म्हटले असते; परंतु त्या वचनाच्या आधाराने खोटी सही करता येत नाही. बायबलमधील संदेष्टा दानिएल याने विटाळ नको म्हणून राजाचे अन्न नाकारले, पण दरबार सोडला नाही. त्याने कारभाऱ्याला विनंती करून साधे अन्न खाऊन पाहण्यासाठी दहा दिवसांची मुदत मागितली. तुम्हीही सही खऱ्या तारखेनेच कराल, असे वरिष्ठांना नम्रपणे आणि लेखी कळवा.

उत्तर (वाशी): सहमत आहे. मात्र त्यानंतरही दबाव राहिला तर त्या नोकरीत राहू नका, असे मला कळकळीने वाटते, कारण चौकशी झाली तर कागदावर सही तुमचीच असेल. लूकच्या शुभवर्तमानात (१४:२८) बुरूज बांधण्याआधी खर्चाचा अंदाज घेण्यास सांगितले आहे. म्हणून हप्ते, शिल्लक आणि नोटीस पीरियड यांचा हिशेब घरच्यांसोबत बसून मांडा व चर्चच्या पाळकांशीही बोला. मधल्या काळात लहान काम पत्करावे लागले तरी कमीपणा मानू नका. प्रेषित पौलही करिंथात पोटासाठी तंबू करत असे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. पत्राचा मसुदा आजच लिहिते.