मुलांना जबाबदारीने निर्णय घ्यायला कसे शिकवावे? मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी नववी-दहावीला शिकवतो. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांपैकी निर्णयक्षमतेसाठी मी शनिवारी एक तास ठेवला असून त्यात मुलांपुढे त्यांच्या रोजच्या जगण्यातले प्रसंग मांडतो. उदाहरणार्थ, पेपरच्या दिवशी बस चुकली आणि परवाना नसलेला मित्र मोटारसायकलवरून सोडायला तयार असला, तर काय कराल? ‘सर, आम्ही बसणार नाही,’ असे सगळा वर्ग एका सुरात सांगतो आणि शाळा सुटल्यावर त्यातलेच तिघे एका गाडीवरून जाताना दिसतात. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्यास पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही सांगून झाले. मात्र निव्वळ भीतीने दिलेल्या उत्तराला मी निर्णय मानत नाही.

एसएसएलसीनंतर (म्हणजे दहावीनंतर) पीयूसी (अकरावी-बारावी) की आयटीआय, हेसुद्धा बरीच मुले मित्राकडे पाहूनच ठरवतात, याची मला अधिक काळजी वाटते. शिक्षकाला आवडेल ते न बोलता मुलांनी पर्याय आणि परिणाम खरोखर तोलावेत, यासाठी आपण वर्गात नेमके काय करता? मराठीतील तयार प्रसंग किंवा मूल्यमापनाची अनुभवलेली पद्धत असल्यास कृपया सविस्तर कळवावी.