पूर्ण अंध व्यक्तीसाठी स्मार्टफोन : अँड्रॉइड की आयफोन?

मोगरा२२ :
काकांची दृष्टी काचबिंदूने पूर्ण गेली आहे, वय ५८. आता बटणांचा फोन सोडायचाय. कॉल, व्हॉट्सअ‍ॅप, मराठी बातम्या, यूपीआय एवढा वापर. इंग्रजी जेमतेम, बजेट २० हजार. स्क्रीनवरचं बोलून सांगणारं अँड्रॉइडचं टॉकबॅक बरं की आयफोनचं व्हॉइसओव्हर? दुकानात नेमकं काय तपासू?

सहा_ठिपके :
या बजेटात अँड्रॉइडच घ्या. रॅम मात्र ६ जीबीच्या खाली नको. कमी रॅमच्या फोनवर टॉकबॅक अडखळतं, बोट पुढे गेलं तरी आवाज मागेच राहतो. नवखा माणूस तेवढ्यात पुन्हा टॅप करतो आणि भलतंच उघडतं. फिंगरप्रिंट पॉवर बटणातच असलेला बघा. काचेखालच्या सेन्सरची जागा बोटाला कळत नाही.

दुकानात सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीतून टॉकबॅक सुरू करा. नव्या फोनच्या पहिल्या स्क्रीनवर दोन्ही व्हॉल्यूम बटणं ३ सेकंद धरली तरी होतं. मग टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये (मजकूर बोलून दाखवणारी सेटिंग) गूगलचं इंजिन निवडून मराठी आवाज वायफायवर उतरवून घ्या. हे टाळू नका. हिंदी आवाजाला मराठी वाचायला दिलं की 'चांगला'चा च आणि 'जास्त'चा ज हिंदीतल्यासारखे येतात. अख्खी बातमी तशी ऐकवत नाही.

कातळवाट :
मराठी आवाज आयफोनवरही आहे, आयओएस (आयफोनची सिस्टीम) १६ पासून, म्हणजे २०२२ पासून. शिवाय व्हॉइसओव्हर सगळ्या आयफोनवर एकसारखं वागतं. अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक मेनू बदलतात, काही फोन तर बॅटरी वाचवायला मागची अ‍ॅप्स बंद करतात. शिकवणारं माणूस जवळ नसेल तर हा फरक फार मोठा.

जुना चालत असेल तर २०२० चा आयफोन एसई बघा, त्याला होम बटण आहे. ते तीनदा दाबून व्हॉइसओव्हर चालू-बंद होईल असं शॉर्टकटमध्ये लावून घ्या. बॅटरी हेल्थ (बॅटरीची उरलेली क्षमता) ८५ टक्क्यांच्या खाली असेल तर सोडून द्या, दिवसभर बोलणारा फोन लवकर उतरतो. एक्सआर, एक्सएस घेऊ नका, आयओएस २६ त्यांच्यावर येत नाही.

सहा_ठिपके :
एकसारखेपणाचं पटलं. पण बाहेर गेल्यावर काही अडलं तर आजूबाजूच्या दहांपैकी बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड असतो, ती मदत मोलाची.

पानगळ :
यूपीआयचं वेगळं सांगते. पिनचा कीपॅड म्हणजे नेहमीचा कीबोर्ड नव्हे, त्यामुळे बोट उचलल्यावर अंक उमटेल असं धरू नका. अंक ऐकायचा, मग दोनदा टॅप. इअरफोन लावूनच करा, नाहीतर पिन शेजारच्याला ऐकू जातो. बाहेरून उतरवलेले स्क्रीन रीडर काही बँक अ‍ॅप्सना चालत नाहीत, म्हणून फोनमधलंच टॉकबॅक ठेवा. फोन घेण्याआधी काकांच्या बँकेचं अ‍ॅप त्या फोनवर उघडून लॉगिनपर्यंत जाऊन बघा. 'बटण, लेबल नाही' असंच ऐकू येत राहिलं तर दुसरं यूपीआय अ‍ॅप शोधा. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मनी अ‍ॅप (२०२०) आहे, इंटरनेटशिवाय चालतं.

मोगरा२२ :
अँड्रॉइडच घेते. कॉल उचलणं आणि व्हॉइस मेसेज? आणि टॉकबॅक मध्येच गप्प झालं तर?

सहा_ठिपके :
कॉल : दोन बोटांनी दोनदा टॅप, कुठेही. ठेवायलाही तेच. व्हॉइस मेसेज : माइकवर दोनदा टॅप करून दुसऱ्या टॅपला बोट दाबूनच ठेवा, बोलून झालं की सोडा.

गप्प झालं तर आधी आवाज बघा. टॉकबॅकचा आवाज गाण्यांच्या आवाजाहून वेगळा असतो, ते बोलत असतानाच व्हॉल्यूम बटण दाबलं तर तोच वाढतो. तरी काही नाही तर दोन्ही व्हॉल्यूम बटणं ३ सेकंद धरून बंद करा, पुन्हा तशीच धरून चालू करा. घरी आणल्यावर हा शॉर्टकट सेटिंग्जमध्ये चालू आहे ना, ते आधी बघा.