दिव्यांगांच्या मोफत वकिलीसाठी निधी वेगळा राखावा का?

रानजाई: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. माझं म्हणणं असं, की बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी असलेल्यांच्या प्रकरणांसाठी या निधीतला हिस्सा राखीव असावा आणि कपातीच्या वर्षीही त्याला हात लागू नये. वडील गेले की अशा बहिणीचा अंगठा हक्कसोडपत्रावर उमटतो. फेरफाराची (जमिनीच्या नोंदीत नाव बदलण्याची) नोटीस येते, हरकतीला १५ दिवस. तिला ती वाचता येत नाही. मग दिवाणी दावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम १५ खाली वादमित्र, म्हणजे तिच्या वतीने दावा चालवणारा माणूस, हवा. वादमित्र व्हायचा नातेवाईक, आणि इथे नातेवाईकच प्रतिवादी! नेहमीच्या फीत हे काम कोण मनापासून करील?

कोर्टपायरी: ताई, नाही पटत. राखीव पैसा मार्चअखेर पडून राहिला की पुढच्या वर्षीची तरतूदच घटते. अर्ज मुळात येतच नाहीत, कारण १५१०० या मोफत विधी सेवेच्या नंबरवर फोन करणारं घरात कुणी नसतं. त्यापेक्षा स्थानिक स्तर समितीला माणसं द्या. नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ प्रमाणे ही समिती अशा व्यक्तींसाठी कोर्टाविना पालक नेमते. पालकाने ६ महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशेब. तो हिशेब कुणी नीट वाचला, तर बरीच भांडणं कोर्टाची पायरी चढणारच नाहीत.

रानजाई: हिशेब मागायलाच हवा. पण त्याच कायद्याच्या कलम १७ ने समिती फार तर पालक हटवील. नोंदणी झालेला दस्त रद्द करायला दिवाणी कोर्टच लागतं, आणि तिथे वकील लागतो.

सांजवारा: दोघांनीही फौजदारी बाजू सोडली. लैंगिक अत्याचारात अशा पीडितेचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर विशेष शिक्षक किंवा दुभाष्याच्या मदतीने, व्हिडिओवर घ्यायचा असतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १८३). पुढे खटल्यात तोच सरतपासणी, म्हणजे तिची मूळ साक्ष, धरला जातो, म्हणून पहिला तास फार मोलाचा. ‘किती वाजता?’ विचारलं तर ती गप्प बसेल. ‘जेवायच्या आधी की नंतर?’ विचारून चित्रं पुढे ठेवली तर सांगेल. तारखेआधी तिला कोर्टाची खोली दाखवून आणावी लागते. शिवाय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोक्सोसाठी (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) वय जन्मतारखेवरूनच धरायचं ठरवलं. त्यामुळे मानसिक वय सहाचं असलेल्या अडतीस वर्षांच्या बाईला पोक्सोचं विशेष न्यायालय मिळत नाही.

कोर्टपायरी: हे मान्य. पण हा खर्च विशेष शिक्षकाचा, वकिलाचा नव्हे. शिक्षकाचं मानधन आणि वकिलाच्या घरभेटी प्रत्येक प्रकरणात बिलावर मंजूर करा. राखीव हिश्शाला माझा विरोध कायम.

रानजाई: आणि सप्टेंबरातच तरतूद संपली, तर ते बिल मंजूर कशातून होणार?