मंजुरी दिली की समितीचं काम संपलं का?

पेन्शनर_गुरुजी (राजारामपुरी), धागाकर्ता

शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर एका वैद्यकीय संस्थेनं त्यांच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीवर, 'सामान्य व्यक्ती' म्हणून घेतलं. सामान्य व्यक्ती हे चक्क पद आहे. २०१९ च्या औषध चाचणी नियमांप्रमाणे समितीत किमान सात जण लागतात. त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचा, एक कायदा जाणणारा, किमान एक बाई, आणि वैद्यकातलं ओ की ठो न कळणारा एक माणूस. तो मी. मी नसलो तर कोरम भरत नाही, म्हणून गाडी पाठवतात. आमची मंडळी म्हणतात, काही कळत नाही म्हणून एवढा मान मिळालेला माणूस पहिल्यांदाच बघितला.

माझ्याकडं काम मराठी संमतीपत्र वाचण्याचं. मागं गुडघेदुखीच्या गोळीचं एक आलं होतं, चौदा पानी. त्यातलं वाक्य जसंच्या तसं देतो: 'आपणांस यादृच्छिक पद्धतीने दोहोंपैकी एका गटात समाविष्ट करण्यात येईल व प्लासिबो प्राप्त होण्याची संभाव्यता नाकारता येत नाही.' मी विचारलं, हे पन्हाळ्याच्या म्हातारीला कळणार का? उत्तर आलं, सर, पुण्याच्या एजन्सीचं भाषांतर आहे, सर्टिफिकेट जोडलंय. मी बदलून दिलं: 'कुणाला कुठली गोळी ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल, डॉक्टर ठरवणार नाहीत. तुमच्या वाट्याला औषध नसलेली गोळीही येऊ शकते.' ते मान्य झालं. इथवर ठीक.

दुखणं पुढचं आहे. गेल्या वर्षी एका अभ्यासाची सह्या झालेली फाइल मी मुद्दाम मागवून बघितली. चाळीसएक फॉर्म, निम्म्याहून जास्त अंगठ्याचे. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घ्यायचा तर तटस्थ साक्षीदार लागतो. साक्षीदार सगळीकडं एकच. तेच नाव, तेच निळं पेन, सहीचा शेवटचा फराटाही तसाच. चौकशी केली तर त्याच विभागाचा वॉर्डबॉय. साहेबांच्या हाताखालचा माणूस साहेबांच्या संशोधनाला तटस्थ कसा? आणि रुग्णानं घरी न्यायची जी प्रत असते, ती प्रत्येक फॉर्मला पिनेनं जोडून तिथंच होती. म्हणजे कुणी नेलीच नव्हती, किंवा कुणी दिलीच नव्हती.

मी म्हटलं, मला वॉर्डात जाऊन बसायचंय. सचिव गोड माणूस. म्हणाले, गुरुजी, हरकत नाही, पण गरजही नाही, प्रगती अहवाल येतोच. घरी येऊन नियम वाचला. मंजूर केलेल्या चाचणीचा समितीनं वेळोवेळी आढावा घ्यायचा. तो संशोधकाच्या प्रगती अहवालावरून, प्रायोजकाच्या तपासणी अहवालावरून 'किंवा' प्रत्यक्ष जागेला भेट देऊन. आयुष्यभर पोरांना उभयान्वयी अव्ययं शिकवली, पण एका 'किंवा'वर अख्खी समिती टेकून बसलेली पहिल्यांदा बघितली.

माझं म्हणणं एवढंच: मंजुरी देणं म्हणजे देखरेख नव्हे. समितीतल्या दोघांनी वर्षातून एकदा तरी रुग्ण बसतो त्या बाकावर जाऊन बसावं. मतं सांगा.

एमडी_तिसरं_वर्ष

गुरुजी, आदर ठेवून विरोध करते. माझा थिसिस बायकांच्या मिश्रीच्या सवयीवर. सुई नाही, गोळी नाही, तीस प्रश्न. समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा. पहिल्या बैठकीत परत आला, कारण पानांना क्रमांक नव्हते. दुसऱ्या बैठकीला कोरम भरला नाही. एमडीच्या तीन वर्षांतलं अर्धं वर्ष असं गेलं, आणि तुम्ही वरून भेट पथक आणताय.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन वाटा स्पष्ट आहेत. जोखीम नगण्य असेल तर आढाव्यातून सूट, किरकोळ असेल तर जलद आढावा, बाकीच्यांना पूर्ण बैठक. आमच्याकडं सगळं पूर्ण बैठकीला. मिश्री आणि केमोथेरपी एकाच तागडीत.

आणि साक्षीदाराचं म्हणाल तर दोनशेची ओपीडी, बाहेर रांग जिन्यापर्यंत. वॉर्डबॉय नको तर सहीला अंबाबाईला बोलावू का?

पेन्शनर_गुरुजी

तीन वाटांचं शंभर टक्के मान्य. पानांचे क्रमांक मी विचारले असतील तर माफ करा, मास्तरकीची खोड. पण साक्षीदार अवघड नाही हो. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटचा भाऊ, पुतण्या, कुणीही. त्याला वाचता यावं आणि तो तुमच्या पगारावर नसावा, झालं.

साचा_शिरोली

डॉक्टर मॅडम, तुमचं सा म्हैने गेलं, माझं काम गेलं. ऐका.

मी फौंड्रीत मोल्डिंगला हाय, एमआयडीसीत. नाव सांगत न्हाई. दोन वर्सांमागं कुठल्याशा कॉलेजची पोरं मशीन घिऊन आली. नळीत जोरात फुकायचं, छातीत किती दम हाय ते बघायला. वाळूची धूळ फुप्फुसात किती बसलीया ह्याचा अभ्यास म्हनं. चांगलं काम, न्हाई म्हनत न्हाई. पन आमास्नी सुपरवायझरनं शिफ्ट सुटायच्या आधी रांगेत हुबं केलं. ठेकेदार शेजारी खुर्ची टाकून बसलेला. पोरगं म्हनतंय, काका, ऐच्छिक हाय, नको असंल तर नका करू. आता ठेकेदाराम्होरं कोन म्हननार नको म्हनून? सही ठोकली.

तीनदा फुकलं. पोरगं कागदाकडं बघून गप झालं. म्हनलं, काका, दवाखान्यात दावा. आट दिसांनी ठेकेदार म्हनतोय, तुझा दम कमी हाय म्हनं, उद्यापास्नं यिऊ नको. माझा रिपोर्ट माझ्या आधी त्येच्याकडं गेल्ता. आता दुसरीकडं हाय, हजेरी कमी.

कमिटी म्हंजे काय ते आज कळालं. ती त्यादिशी रांगेत हुबी असती तर ठेकेदाराची खुर्ची तरी उचलली असती.

ओपीडीवाला (शाहूपुरी)

तुमच्याबाबतीत झालं ते वाईटच. पण त्यावरून सगळ्या संशोधनावर पाळत बसवायची हे पटत नाही.

मी दहा वर्षं औषध चाचण्या केल्यात. पहिला रुग्ण घेण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद करावी लागते, १५ जून २००९ पासून सक्तीची. रुग्णाला गंभीर काही झालं तर २४ तासांत औषध नियंत्रक, प्रायोजक आणि समिती तिघांनाही कळवायचं. प्रायोजकाचा मॉनिटर येऊन एकेक कागद ताडून बघतो, सहीची तारीख एका दिवसानं चुकली तरी लेखी खुलासा मागतो. यात निवृत्त शिक्षक आणि वकील येऊन नवीन काय बघणार?

शिवाय रुग्णाला काय वाटेल? माझ्याकडं एकदा तपासणीला दोन माणसं बसली होती. कळंब्याचे एक आजोबा बाहेर जाऊन कंपाउंडरला विचारतात, डॉक्टरांवर केस झालीया का? पुढच्या तारखेला आलेच नाहीत.

आशाताई_कागल

ओपीडीवाले डॉक्टर, मॉनिटर कागद बघतो. घर कोन बघतंय?

आमच्या गावात अभ्यास आला की पहिला फोन मला. बायका गोळा करायच्या, घरं दाखवायची, फॉर्म भरून घ्यायचे. फॉर्ममागं पैसे मिळतात, खोटं कशाला बोलू. पन बाया सही कागद वाचून करत न्हाईत, माझ्याकडं बघून करतात. 'तू म्हनतीस म्हंजे बरंच असंल.' ती संमती त्या डॉक्टरला न्हाई, मला दिलेली असती. तिचं बाळंतपण मी केलेलं असतंय, तिच्या पोराला पोलिओचा डोस मी पाजलेला असतोय. ती मला न्हाई कसं म्हननार?

मागं एक बाई गोळी चालू झाल्यावर चक्कर येऊन पडली. फॉर्मवर फोन नंबर होता. मी लावला, दुपारची जेवणाची वेळ, कोन उचलंना. तिला वडापात घालून मी नेली. वडापचं भाडं मीच दिलं, ते अजून यायचंय.

तर गुरुजी, यायचं असंल तर वॉर्डात नको, माझ्या दारात येऊन बसा. सगळं तिथंच येतंय.

माहेर_धाराशिव

कागद चोख असला म्हणजे सगळं न्याय्य असतं का, हा माझा प्रश्न. आमच्या माहेरच्या जिल्ह्यात, तेव्हा उस्मानाबाद, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला. १,३१,७४६ बायका, चार गट. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या. चौथ्या गटाला तपासणी नाही, फक्त माहिती आणि नेहमीची सोय. २००९ मध्ये आकडे छापून आले. एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) चाचणी झालेल्या ३४,१२६ बायकांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू. तपासणी न झालेल्या ३१,४८८ मध्ये ६४.

हे चोरून केलेलं नव्हतं, सगळं रीतसर. पण त्या चौथ्या गटातल्या गावात माझी आत्या राहायची. ती धडधाकट आहे, देवाची कृपा. तरी तो आकडा वाचला की मी तिच्या गल्लीतली घरं मोजायला लागते.

ओपीडीवाला (शाहूपुरी)

ताई, तुमची भावना समजते. पण उलटंही बघा. त्या काळी तिथल्या बायकांना सरकारी तपासणीची सोयच नव्हती. चौथ्या गटाकडून काही काढून घेतलेलं नाही. आणि तो गट होता म्हणूनच, आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनं मृत्यू निम्म्यावर येतात हे जगाला कळलं. तो गट नसता तर आजही आपण अंदाजच बांधत बसलो असतो.

माहेर_धाराशिव

जगाला कळलं, खरंय. पण पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन बघणं) श्रीमंत देशांत तेव्हा कित्येक दशकं चालू होती. तिथल्या बायकांना 'तुम्ही चौथा गट' म्हणायला कुणी धजलं असतं का? सोय नव्हती म्हणून वंचित ठेवलं नाही, हे म्हणजे मुळातच उपाशी होता म्हणून ताट वाढलं नाही असं झालं.

ओपीडीवाला (शाहूपुरी)

यावर आपलं जमणार नाही. थांबतो.

वकीलबाई_ताराराणी_चौक

शिरोलीच्या दादांचं वाचून खम्मम (तेव्हा आंध्र प्रदेशात) आणि गुजरातचं वडोदरा आठवलं. २००९ मध्ये तिथं दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला. काही मुलींचे मृत्यू झाले होते. त्यांचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण आश्रमशाळांत पालकांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्याचं निघालं, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. तिकडं वॉर्डन, इकडं ठेकेदार. ज्याच्या हातात तुमची भाकरी, त्याच्यासमोर विचारलेलं 'चालेल ना?' हा प्रश्नच नव्हे.

दादा, तुमचा रिपोर्ट ठेकेदाराला देणं हा गोपनीयतेचा भंग आहे. संबंधित एथिक्स कमिटीकडं लेखी तक्रार करा. संपर्क संमतीपत्राच्या तुमच्या प्रतीवर असतो.

साचा_शिरोली

ती प्रत मिळाली असती तर कॉलेजचं नाव तरी ठावं असतं की वकीलबाई.

एमडी_तिसरं_वर्ष

रात्री झोप लागली नाही म्हणून परत आले. दादा, ते नळी धरणारं पोरगं मी असू शकले असते. आम्हाला मालकाची परवानगी काढायला शिकवतात, मालकाला खोलीबाहेर काढायला कुणी शिकवत नाही. पण हेही सांगते, मालकानं गेटच उघडलं नाही तर वाळूची धूळ कधी मोजलीच जाणार नाही, आणि त्यात ठेकेदाराचं काही बिघडत नाही. म्हणून भेटी हव्यात तर फौंड्रीत हव्यात, माझ्या मिश्रीच्या तीस प्रश्नांना नकोत. यावरून मी हलणार नाही.

कॉलेज शोधायचं असेल तर दादा, मला व्यक्तिगत संदेशात महिना आणि मशीनचा रंग कळवा. इथं फुप्फुसांवर काम करणारे विभाग हाताच्या बोटावर मोजण्याइतके आहेत.

पेन्शनर_गुरुजी

ओपीडीवाल्या डॉक्टरांचा कळंब्याच्या आजोबांचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. दोन अनोळखी माणसं वही घेऊन बसली तर मीही घाबरेन. वही न्यायची नाही, ओळख करून द्यायची, हे लिहून ठेवलं. भेटीचा विषय पुढच्या बैठकीत लेखी मांडतोय, जोखीम जास्त किंवा माणसं कुणाच्या तरी दबावाखाली, अशा अभ्यासांपुरता. फेटाळला तर फेटाळल्याचं इतिवृत्तात तरी येईल.

आशाताई, तोवर मी एसटीनं कागलला येतोय, समितीचा म्हणून नाही, मास्तर म्हणून. गुडघ्याच्या गोळीचं संमतीपत्र बरोबर आणतो. तुमच्या दारात चार बायकांना वाचून दाखवू, अडखळतील तिथं खूण करू. प्लासिबोला 'औषध नसलेली गोळी' केलंय, पण लांबतं. 'साखरेची गोळी' म्हणू का?

आशाताई_कागल

या की. गुरुवारी नको, लसीकरण असतंय. साखरेची तेवढी म्हनू नका गुरुजी, निम्म्या बायांना शुगर हाय, हातात धरायच्या न्हाईत.