दगडीने (गायीच्या कासेच्या सुजेने) हैराण झालेय. सडं बुडवायला कुठलं औषध घेऊ? (९ गायी, बजेट २५००)

संगमनेरची_सून: नमस्कार. ९ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी जातीच्या) गायी आहेत, धार मशीनने काढतो. आषाढापासून तिघींना दगडी झाली, एकीचं एक सड कायमचं गेलं. सडात औषधाची ट्यूब भरली की दूध ओतून द्यावं लागतं ते वेगळंच. धारेनंतर सडं बुडवायचं औषध आणि कप घ्यायचाय. २५०० च्या वर जमणार नाही. लेक चार वर्षांची आहे, रोज धारोष्ण दूध पिते, त्यामुळे जास्त काळजी वाटते.

फलटणकर_डेअरी: रबर मॅट टाका. मी १२ गायींना टाकल्या, तेव्हापासून दगडी विसरलो. पैसे जातात, पण एकदाच.

गोठा_अकोले: ताई २५०० म्हणतायत हो. आणि मॅटखाली मूत साचतं. मी दोन महिन्यांत उचलून फेकल्या. जागा कोरडी ठेवा, चुना मारा, बास.

फलटणकर_डेअरी: उतार दिला नसेल तुम्ही. माझ्याकडे थेंब साचत नाही.

वारणाकाठ: एचएफ विका, गीर घ्या. आमच्याकडे दगडी माहीत नाही.

गोठा_अकोले: आमच्या शेजाऱ्यांच्या गीरलाच झालीय आत्ता.

निवृत्त_पशुवैद्य: ताई, ०.५ टक्के आयोडीनचं तयार द्रावण घ्या, ग्लिसरीन असलेलं, म्हणजे सडं फुटत नाहीत. धार झाल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं. म्हणून बुडवलं की लगेच पुढ्यात वैरण टाका, गाय बसता कामा नये. पहिल्या पिळ्या काळ्या कपात घ्या, गाठी दिसतात. जमिनीवर पिळू नका. आजारी गाय सगळ्यात शेवटी. ट्यूबच्या वेष्टणावर जितके दिवस लिहिलेत तितके दिवस दूध डेअरीला नाही म्हणजे नाही. आणि लेकीचं कच्चं दूध आजपासून बंद करा.

वारणाकाठ: धारोष्ण दुधावर आमच्या चार पिढ्या पैलवान झाल्या.

निवृत्त_पशुवैद्य: गाभडलेल्या गायीची वार हातमोजे न घालता काढली आणि मला ब्रुसेलोसिस झाला. कित्येक आठवडे ताप येत-जात होता, सांधे धरले होते. तोच जंतू कच्च्या दुधातून घरात येतो. उकळलं की मरतो. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात त्याची लस एकदाच द्यायची असते, सरकारी दवाखान्यात विचारा. दगडीचं दूध मात्र उकळूनही वापरू नका. त्यातल्या स्टॅफिलोकोकस जंतूने दुधात विष सोडलं असेल तर ते उकळून जात नाही.

गोठा_अकोले: आयोडीनच घ्या. आणि चुना.

फलटणकर_डेअरी: मशीनचे लायनर, म्हणजे सडावर बसणाऱ्या रबरी नळ्या, कधी बदललेत? रबरी लायनर साधारण २५०० धारांना बदलायचे. ९ गायी, दोन वेळा, म्हणजे दिवसाला १८. एकच क्लस्टर (चार सडांना लावायचा कपांचा संच) असेल तर साडेचार महिन्यांत संपले.

संगमनेरची_सून: दीड वर्ष तेच आहेत! मशीन देणाऱ्यानेही कधी सांगितलं नाही.

फलटणकर_डेअरी: मग दगडी तिथूनच. आधी लायनर घ्या.

गोठा_अकोले: हो, आधी लायनर.

संगमनेरची_सून: सगळ्यांचे आभार. घरात बोलून ठरवलं, दिवाळीपर्यंत मशीन बंद. मी आणि सासूबाई हातानेच काढणार, मुठीने, अंगठा न मुडपता.

फलटणकर_डेअरी: ९ गायी हाताने? मनगटं जातील ताई.

संगमनेरची_सून: तीन गायी आटत आल्यात, सहाच राहतात. आयोडीन, दोन कप आणि काळा कप आणला, पैसे उरलेसुद्धा. डॉक्टर सोमवारी कालवडी बघायला येतायत. लेकीला आज उकळून गार केलेलं दिलं. फेस नाही म्हणून रुसली, पण प्यायली.