मदत हवी आहे: सुपरिंटेंडेंटना नेमकं काय विचारावं?

नमस्कार मंडळी. आम्ही डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो. आमचं स्कूल बोर्ड नवे सुपरिंटेंडेंट, म्हणजे इथल्या सगळ्या सरकारी शाळांचे प्रमुख, निवडतंय आणि पालकांना उमेदवारांना प्रश्न विचारता येणार आहेत.

लेकीच्या गिफ्टेड (विशेष हुशार मुलांसाठीच्या) वर्गात बहुतेक मुलं गोरी किंवा आपली भारतीय. शाळेत कृष्णवर्णीय मुलं भरपूर, या वर्गात एकच. हे मला फार खुपतं. आपली मुलं आत आहेत म्हणून गप्प बसायचं का?

१९७४ साली मिलिकन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५-४ मतांनी डेट्रॉइटच्या शाळांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकत्र आणण्याच्या योजनेतून उपनगरांना वगळलं. ती रेघ अजून दिसते. पण आमच्याच इमारतीतली भिंत तर स्कूल डिस्ट्रिक्टच्या हातात आहे ना? फ्लोरिडाच्या ब्रॉवर्ड काउंटीत २००५ पासून शिक्षक-पालकांच्या शिफारशीची वाट न बघता दुसरीच्या सगळ्या मुलांची गिफ्टेड वर्गासाठी चाचणी घेतली, तेव्हा निवडलेल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या खूप वाढली. हेच इथे मागायचंय.

कोणी बोर्डाच्या बैठकीत असं बोललंय का? सस्पेन्शनची वंशनिहाय आकडेवारीही मागावी, की एकाच मुद्द्याला धरून राहावं? आणि कृष्णवर्णीय पालकांच्या वतीने न बोलता त्यांच्या सोबत कसं उभं राहायचं?